ओढणीवर आलेली स्थळं

आईनं माझा लॅबकोट आणि माझी एकमेव चांगली ओढणी एकाच बादलीत, गरम पाण्यात भिजवली. कोटाच्या खिशात रबरी बुचांची पुडी होती. आईला कपडे भिजवण्याआधी खिसे तपासायची सवय नाही आणि मला खिसे रिकामे करायची.

आई सांगलीहून थेट उत्तरेत, मी शिकायला राहते त्या खरड गावी आली होती ती एकाच कामासाठी. रविवारी आम्ही विमानतळाजवळच्या एयरोसिटीत मुलाच्या घरी जाणार होतो. त्याचे वडील मूळचे आपल्याकडचेच, हवाई दलातून निवृत्त होऊन इथेच राहिलेले. दोन महिने आम्ही फोनवर बोलत होतो, मी मराठीत आणि तो हिंदीत. मराठी त्याला सगळं कळायचं, फक्त तोंडातून निघायचं नाही. मला तो आवडला होता, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आईची तक्रार एवढीच, की मुलीनं मुलाच्या घरी दाखवून घ्यायला जायचं ही कुठली रीत? पण माझ्या फ्लॅटवर आम्ही तिघी राहतो आणि खुर्च्या दोन.

मार्चची संध्याकाळ होती. त्यांनी परसात खुर्च्या मांडल्या होत्या, शेजारीच त्याच्या आईचा फ्लॉवरचा वाफा. पोहे आले आणि पोह्यांपाठोपाठ पहिला पतंग आला. करड्या रंगाचा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. माझ्या त्याच ओढणीवर बसून तो पंख फडफडवत गोल फिरू लागला. मग दुसरा आला. अंधारून येईपर्यंत माझ्या खांद्यावर चाळीसेक जण जमले होते.

"ही काय भानगड आहे?" त्याच्या वडिलांनी विचारलं.

मी गप्प बसायला हवं होतं. पण पाच वर्षं ज्या विषयात घासते आहे, त्यावर कुणी आपणहून प्रश्न विचारला की मला राहवत नाही. मी सांगितलं, हा फ्लॉवरवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग. याची मादी एका जागी बसून गंध सोडते. नराच्या मिशांवर बारीक केस असतात आणि केसांना भोकं. गंधाचा कण भोकातून आत जातो आणि फक्त तोच गंध ओळखणाऱ्या ग्राहक-रेणूला चिकटतो. तेवढ्यावर नर वाऱ्याच्या उलट दिशेनं, नागमोडी उडत येतो. माझ्या कोटाच्या खिशातल्या रबरी बुचांत प्रयोगासाठी तोच गंध भरलेला असतो. तो तेलकट, पाण्यानं जात नाही, म्हणून ओढणीत मुरला.

"कसला गंध?" त्याची आई म्हणाली.

"कामगंध," मी म्हणाले. शास्त्रीय शब्द आहे. माझ्या आईनं पोह्यांची बशी खाली ठेवली.

"ये सारे मेल हैं?" एवढा वेळ वर्तमानपत्रानं मला वारा घालत असलेला मुलगा म्हणाला.

"सगळे."

त्याच्या आईनं ओढणी हुंगून पाहिली. "मला तर साबणाचाच वास येतोय."

"माणसाला येत नाही. याचे ग्राहकच नाहीत आपल्याकडे."

वडिलांनी फौजी खाक्यात दिवे बंद करायला लावले. पतंग दिव्यासाठी आलेच नव्हते, त्यामुळे ते हलले नाहीत. उरलेला कार्यक्रम आम्ही अंधारात उरकला. माझा स्वयंपाक, माझी उंची, माझं पुढे काय, यातलं कुणी काही विचारलं नाही. निघताना त्याची आई म्हणाली, "कळवतो." त्याचा अर्थ आमच्याकडे लहान पोरालाही कळतो.

मुलानं आम्हाला गाडीनं खरडला सोडलं. घरी आल्यावर आई बादलीकडे बघून रडली. मला तिचा राग आला होता, पण तिला रडताना बघून तोही धड टिकेना.

आठ दिवस फोन नाही. नवव्या दिवशी त्याचा आला.

"तुम जिस सीट पर बैठी थीं ना, वहाँ रोज़ शाम को आ जाते हैं. पंद्रह-बीस."

मी माफी मागितली. म्हटलं, सीटवर ओढणी घासली असेल, शॅम्पूनं पुसून घे.

"कितने दिन रहेगा ये?"

"उन्हात गाडी उभी केलीस तर आठवडाभर. फार तर दोन."

"बस?"

"तेवढेच," मी म्हणाले. मग घसा खाकरून, एकेक शब्द जुळवत तो म्हणाला, "आणि... त्याच्यानंतर... तू येशील?"