सावळेरामच्या ट्रॅक्टरवरची गाणी

मेथीची अर्धी जुडी निवडून झाली आणि हात थांबले. रोज निवडताना मोबाइलवर अभंग लावते. सोमवारपासून लावलेले नाहीत. सोमवारी माझी नणंद सोनल आळ्याहून सासर सोडून आली, अंगावरच्या कपड्यांनिशी.

आज आमच्या वावरात सावळेराम ट्रॅक्टरला रोटर लावून माती भुसभुशीत करतो आहे. कळंब गावात त्याचा ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतो. डीजेची गाणी, मांडणीवरची भांडी थरथरतील एवढी. चार वर्षांपूर्वी त्याच्या आईने, सखूबाईंनी, सोनलला मागणी घातली होती. मीच नको म्हटलं. "दिवसभर कानात असला धांगडधिंगा, त्या पोराला वळण काय असणार?" ह्यांनी माझं ऐकलं. सावळेरामचं लग्न दुसरीकडे झालं. आळ्याचं स्थळ मी पसंत केलं. गळ्यात माळ, एकादशी करणारा, फोन वाजला तरी अभंगच. स्थळांच्या वहीत मी लिहिलं होतं, घर सात्त्विक आहे.

काल सोनलने सांगितलं. "मारायच्या आधी दार लावायचे आन् भजन मोठ्यानं लावायचे. शेजारी म्हणायचे, लई देवाधर्माचं घर." ती रडली नाही. मीही नाही.

सावळेराम चहाला ओट्यावर आला. आज गाणी बंद होती. का, म्हणून विचारलं.

"सोनल झोपली आसंल, वहिनी."

"मग एरवी एवढ्यानं कशाला लावतोस?"

"न्हाई लावली तर रोटरवर डुलकी लागती. दुसरं काय न्हाई."

शेजारचे भागूतात्या हसले. "परवा लेकीसाठी बडबडगीतं लावली व्हती यानं. आरं, रोटर मारतो का अंगणवाडी चालवतो?"

"तुमी बी या की तात्या, खाऊ देतो," सावळेराम म्हणाला. कप स्वतः विसळून पालथा घातला आणि वावरात गेला.

दुपारी आळ्याहून जावयांचा, सोनलच्या नवऱ्याचा, फोन आला. "वहिनी, एकादशीच्या आत सोनलला पाठवा." मागे अभंग चालू होता. तोच, जो मी रोज लावते.

"पाव्हणं, आधी तो आवाज कमी करा."

त्यांनी केला नाही.

"ती येणार नाही," म्हटलं आणि फोन ठेवला. मेथी तशीच पडली होती, कोमेजून.

लग्न झाल्यावर रेशनकार्डावरून सोनलचं नाव मीच कमी करून आणलं होतं. ते परत चढवायला उद्या घोडेगावला तहसील कचेरीत जायचं आहे.