धोंडिबाची न प्यायलेली दारू

स्टेशनात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते कोळशाच्या धुळीसारखे आपोआप साचतात. पण आमच्या लोणावळ्याच्या सांधेवाल्या, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलणाऱ्या, धोंडिबाचे किस्से सांगताना मला हसू कमी आणि संताप जास्त येतो! मळवलीचा माळकरी माणूस, दारूच्या थेंबाला कधी शिवला नाही. आणि नाव काय पडलं? दारुडा!

*

एकादशीला कडक उपास धरून ड्यूटीवर आला की दुपारी त्याची जीभ जड व्हायची, घाम फुटायचा, पाय लटपटायचे. स्टेशनमास्तरांनी एकदा त्याचं तोंड हुंगलं. वास नाही! तरी म्हणतात कसे, "बघा, किती सराईत पिणारा आहे!"

*

मळवलीत दुसरीच तऱ्हा. देवळात तो असाच बरळायला लागला, तर लोकांना वाटलं अंगात आलं. नारळ फोडला, तोंडात गूळखोबरं कोंबलं. जरा वेळानं धोंडिबा शुद्धीवर. एक म्हातारी हळहळली, "गेलास व्हय रं देवा? माज्या म्हशीचं इचारायचं ऱ्हायलं की!"

*

गोड खाल्लं की बरं वाटतं, म्हणून तो खिशात गुडदाणी ठेवायला लागला. मास्तरांनी तीही काढून घेतली. "वास लपवायला खातोस काय रे?"

आता बोला!

*

शेवटी एका दुपारी तो सांध्याजवळच कोसळला. मास्तरांनी लगेच सस्पेंड केलं. नोकरी जाणार, घरात चार तोंडं. माझं डोकंच फिरलं. मी त्याला मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी उपाशी ठेवून रक्त तपासलं. म्हणाले, "याच्या स्वादुपिंडात गाठ असावी. ती नको तेवढं इन्सुलिन सोडते, मग रक्तातली साखर उतरते."

पोट उघडून गाठ काढली. वाटाण्याएवढी! धोंडिबानं मला विचारलं, "तात्या, येवड्याशा गाठीनं मला गावभर दारुडा केला व्हय?"

*

नोकरी परत मिळाली. डॉक्टरांचा दाखला मास्तरांनी न वाचताच फायलीत टाकला. पुढे एकदा वरचे साहेब तपासणीला आले, तर मास्तर धोंडिबाकडे बोट दाखवून ऐटीत म्हणाले, "हा पक्का दारुडा होता, साहेब. मी सस्पेंड केला आणि सुटली दारू!"

मग मात्र धोंडिबाला राहवेना. त्यानं सगळ्यांसमोर सदरा वर केला आणि पोटावरचा वीतभर व्रण दाखवला.

मास्तरांनी वाकून नीट पाहिलं.

"बघितलंत, साहेब? गुत्त्यावरच्या मारामारीत असेच वार बसतात!"