दोन घागरींचा ढग

वैशाखातल्या भर दुपारी, अंगणात पाऊल टाकलं तर तळव्याला चटका बसावा अशा वेळी, आमच्या ओसरीच्या कोपऱ्यात एक रांजण मात्र गारठून बसलेला असे. त्याच्या पोटाला ओलं गोणपाट गुंडाळलेलं, त्यावरून झळा वाहायच्या, आणि झळा जितक्या तापट, तितकं आतलं पाणी थंड! ओल्या तागाचा तो कुबट-गोड वास, भिजल्या मातीचा वास, आणि गोणपाटाला गाल लावून बसलेली मी... बाहेर आग, आत गारवा, मग मधली गरमी जाते कुठं? आष्टीपासून चार कोसांवरच्या आमच्या गावात हा प्रश्न पडलेली मी एकटीच शहाणी, अशी माझी खात्री होती. वय वर्षं नऊ, नाक कायम वाहतं, वेणी सुटलेली. पण तोरा असा की गावाचं आभाळ जणू माझ्याच देखरेखीखाली.

आमच्या बाभळीखाली एक धनगर म्हातारा दुपारची मेंढरं बसवायचा. घोंगडीला मेंढरांचा उग्र, उबदार वास, आणि डोळे सदा आभाळाला लागलेले. त्याला मी विचारलंच.

"बाबा, रांजणातली गरमी कुठं जाती?"

"पाणी पितं तिला."

"अन् पाणी?"

"वर जातं, गरमी पोटात घिऊन. वर लई साठली की मंग धराया होत न्हाई त्याला. सोडतंय समदी. कावून इचारतीस? ढग करायचा हाय का तुला?"

म्हातारा थट्टेनं बोलला होता. मी ती आज्ञा समजले.

दुसऱ्याच दिवशी कडा गावचे पाहुणे आक्काला बघायला येणार होते. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आधी दोन ठिकाणची माणसं येऊन, पोहे खाऊन, 'कळवतो' म्हणून गेली ती गेलीच होती. त्यामुळे माय त्या दिवशी पहाटेपासून कुणाशी धड बोलत नव्हती. त्या साली विहिरी आटलेल्या. ओढ्याच्या वाळूत खड्डा खणून, वाटी-वाटीनं उपसून, माय आणि आक्कानं दोन घागरी पाणी आणलं आणि रांजणात ओतलं. आमच्याकडं दारी आलेल्या माणसाच्या हातावर आधी गूळ-पाणी. त्याशिवाय बोलणं म्हणून सुरू होत नाही.

"रांजणाला हात लावशील तर बघ," माय म्हणाली. "पाव्हण्यांचं पाणी हाय."

माय शेजारी दूध आणायला गेली, आक्का आतल्या खोलीत केस विंचरत बसली. आणि ही शास्त्रज्ञीण तांब्या-तांब्यानं पाणी घेऊन शिडीवरून माळवदावर चढू लागली. आमचं माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर, तव्यासारखं तापलेलं. पाणी पडलं की चर्र आवाज, मातीचा एक भपकारा, आणि ओल बघता बघता कडेनं आकसत जायची... माझा आनंद काय वर्णावा! पाणी गरमी पीत होतं, वर जात होतं, मला दिसत होतं. शेवटचा तांब्या ओतून मी उताणी पडले आणि ढगाची वाट बघू लागले. आभाळ कोरं करकरीत. आणि तेवढ्यात फाट्यावर यष्टीचा हॉर्न वाजला.

मायनं रांजणात तांब्या घातला. कोरड्या तळावर तो खणकला, तो आवाज माझ्या कानांत अजून आहे. मायनं तो तांब्या पालथा घातला आणि गुळाची वाटी काढायला आत गेली. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"पाणी कुठाय गं?" आक्कानं दातओठ खात विचारलं.

"वर गेलं."

"माळवदावर?"

"न्हाई. आभाळात."

ओसरीवर पाहुणे गूळ तोंडात धरून बसलेले. माय 'आणतेच हां पाणी' म्हणत पदराशी चाळा करत उभी. शेजारच्या घरीही हंडे पालथे. आक्काच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते पाहुण्यांना देता येण्यासारखं नव्हतं. आणि तेव्हाच, बालाघाटाच्या डोंगरावर सकाळपासून भाकरीसारखा टम्म फुगत आलेला एक ढग—मी उलट्या बाजूला डोकं करून पडले होते, म्हणून मला दिसला नव्हता!—तव्याच्या बुडासारखा काळा होऊन आमच्यावर आला. वारा एकाएकी गार झाला. गोठ्याच्या पत्र्यावर ठण्ण... मग ठण् ठण् ठण्... आणि बोराएवढ्या गारांनी अंगण पांढरं झालं.

नवऱ्या मुलीनं बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नसतं. आमची आक्का पदर खोचून, परात डोक्यावर पालथी धरून अंगणात धावली, गारा ओंजळींनी परातीत भरल्या, आणि गारांचा मार खात चक्क हसत आत आली.

मुलाच्या वडलांनी वितळल्या गारांचं फुलपात्र रिकामं केलं आणि मिश्कीलपणे विचारलं, "लई गार हाय पाणी. कोणच्या हिरीचं?"

"माझं हाय," खांबाआडून मी म्हणाले.

ते हसले, मग आक्काच्या भिजल्या पदराकडं बघत मायला म्हणाले, "आमच्या घराला अशीच पोरगी लागती. बोलणी करू."

त्याच गारांनी शेजाऱ्यांचा काढून ठेवलेला कांदा ठेचला. ढगाचं श्रेय मी गावभर मिरवलं. कांद्याचा विषय निघाला की मी शाळेला निघून जाई.

दोनेक वर्षांपूर्वी नात मला समजावत होती. "आजी, तुझ्या दोन घागरींनी काय होतंय? तो ढग लांबच्या समुद्रावरून आलेल्या वाफेचा." मग म्हणाली, वाफेचे वर गेल्यावर पुन्हा थेंब होतात, तेव्हा प्यालेली उष्णता सुटते, त्या उष्णतेनं हवा आणखी वर चढते, ढग फुगत जातो, वादळाला सारं बळ तिथूनच. म्हणजे म्हातारा खरं बोलला होता. खोटी निघाले ती मीच.

आक्काला मात्र हे कधी सांगितलं नाही. वैशाखात डोंगरावर ढग फुगला की तिचा कड्याहून फोन ठरलेला. "निघालाय बघ गं. तुझाच का?"

"माझाच. परात काढ," मी म्हणायची.

गेल्या दिवाळीनंतर आक्का गेली.

यंदा वैशाखात मी हळूच स्लॅबवर चढले आणि एक तांब्या ओतला. नात खालून ओरडली, "आजी, पाणी वाया घालवतीस!"

"वाया न्हाई जात, बाई. वर जातं."

ओल कडेनं आकसत गेली... दुपार कलताना कड्याच्या बाजूला एक पांढरा ढग फुगू लागला. फोन शेजारीच होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही. खाली उतरले, आणि परात अंगणात काढून ठेवली.