रंगपटाच्या भिंतीवरचे पंजे

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिला तर माझे सगळे गाढवपणे तोंडपाठ आहेत. मीच ते रंगवून सांगत आलो. स्त्रीपार्ट करताना भर प्रवेशात लुगडं सुटलं, तेसुद्धा. हे मात्र — कसं सांगू?

चाकणजवळच्या आमच्या गावात जहागीरदारांचं दरबारी नाटकघर होतं. सागवानी खांब, चिकाच्या पडद्याआड बायकांची माडी. मागे रंगपट, म्हणजे नटांची रंगायची खोली. तिथे दुसऱ्या कुणाला पाऊल टाकू देत नसत. आणि तिथली एक रीत — पहिल्यांदा तोंडाला रंग लागला की त्याच रंगाचा पंजा भिंतीवर उमटवायचा, खाली नाव. तीन पिढ्यांचे पंजे होते. थोरल्या जहागीरदारांचाही. कोपऱ्यात माझा, जरा फिसकटलेला.

जहागिऱ्या खालसा झाल्या, मालक पुण्याला गेले. पिंपरीकडे कारखाने उठत होते; नाटकघर पाडून गोदाम करायचं घाटत होतं. नटांपैकी गावात उरलो दोघेच — म्हातारे आप्पा आणि मी. त्यांनी खेटे घालून पुराणवस्तू खात्याचा साहेब आणवला. काय दाखवणार होते त्याला? ती भिंत.

आता साहेब येणार म्हटल्यावर आपण काय करतो? चुना फासतो! गावाने रस्त्याकडेचे धोंडेसुद्धा पांढरे केले. आप्पा साहेबाला आणायला स्टेशनावर गेले, आणि उरलेल्या चुन्याची बादली घेऊन मी रंगपटात शिरलो. पानाच्या पिचकाऱ्या तेवढ्या झाकायच्या होत्या — खरंच. पण एक डाग झाकला की शेजारचा भाग मळका दिसतो... आणि पंजे? ते रोजचे. मला दिसेनासेच झाले होते. भिंत लख्ख झाली, मी स्वतःवर खूश झालो. काय करून बसलो ते मोटार दाराशी लागल्यावर कळलं.

साहेब भिंतीपुढे थांबला. आप्पांचा चेहरा — नको, तो राहू दे.

"चुना उतरवता येईल," साहेब म्हणाला, "पण खाली खरंच काही आहे का?"

"हाय की! ह्याला इचारा. ह्यानंबी पंजा उठवलाय. सांग की, राव!"

कारखान्यात नुकताच चिकटलो होतो. नोकरी जाईल? पोलीस येतील? की नुसतंच गाव हसेल — आणि या वेळी मी न हसवता?

"मला तरी असं काही आठवत नाही," मी म्हणालो. हात पाठीमागे. नखांत चुना.

नाटकघर पडलं. गाव त्यांना थापाडे आप्पा म्हणू लागलं, आणि त्या हसण्यात मीही असायचो. हे मुद्दाम सांगतो.

पुढे ते थकले. एकदा पारावर माझ्याशेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "तू कशापायी खोटं बोलशील? त्या भिंतीवर काय नसंलच. माझाच भरम, न्हवं रं?"

तेव्हा तिथे साहेब नव्हता. कुणीच नव्हतं.

"असेल, आप्पा," मी म्हणालो.