बिब्ब्याचा एक टिपका

माझ्या मुलीला तेरावं लागलं, तिच्या कपाळावर पुरळ आलं आणि आमच्या घरात वैद्यांची गर्दी झाली. शेजारीण म्हणते, मुलतानी माती. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, कोरफड. नणंद म्हणते, पोट साफ नसतं, दुसरं काही नाही. मुलगी मोबाईलवर रोज नवा लेप बघते आणि फ्रीजमधलं दही गायब होतं. मग कोणीतरी माझ्याकडे वळून विचारतंच, तुझा चेहरा इतका स्वच्छ कसा, तू काय लावायचीस? मी हसून विषय बदलते. मी काय लावायचे हे सांगायला लागले, तर मी काय लावलं हेही सांगावं लागेल, आणि ते मी वीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

माझं लहानपण माजरीला, कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये गेलं. दोरीवर वाळत घातलेला वडिलांचा पांढरा शर्ट संध्याकाळपर्यंत राखाडी व्हायचा, तिथे चेहऱ्याचं काय सांगावं. पुरळ आलं की आई कोळशाला शिव्या द्यायची. मी नववीत असताना माझी मावसबहीण अकरावीसाठी आमच्याकडे राहायला आली. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणायचे. तिलाही पुरळ, मलाही पुरळ, आणि दोघींत आरसा एकच.

ताई सायन्सला होती. तिला कुठलीही गोष्ट तपासून बघायची खोड.

"दोन्ही गालाले सारखंच लावलं तर समजंन कसं?" ती म्हणायची. "एका गालाले हे, दुसऱ्याले ते. आठ दिवस. मंग पाहू."

मग आमच्या चार गालांवर प्रयोग सुरू झाले. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने तोंड धुतलं. खाज कमी झाली, फोड जागच्या जागी. मुलतानी मातीने चेहरा असा ताणून बसायचा की हसायची सोय नाही. तेलकटपणा गेला, फोड आहेत तसेच. लिंबाने डोळ्यांत पाणी आलं आणि उन्हात गेल्यावर गाल काळवंडले. टूथपेस्टने फोडाचा शेंडा सुकला, पण भोवती लाल चट्टा उठला, म्हणजे आगीतून फुफाट्यात. ताई हे सगळं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायची.

शेवटी तिने गावाहून आणलेली चारोळी काढली. दुधात भिजवायची, सहाणेवर उगाळायची, लावायची. एकाच वाटीतला लेप आम्ही दोघी लावत होतो. महिन्याभरात ताईचा चेहरा निवळला आणि माझ्या हनुवटीवर आणखी सहा फोड आले.

मला तिचा हेवा वाटायला लागला. सरळच सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. माझी आई तिच्या गालावरून हात फिरवून म्हणायची, बघ कशी उजळून निघाली पोरगी. मग माझ्याकडे बघून काहीच म्हणायची नाही. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या आणि आम्ही दोघी तिच्या गावी गेलो. बाबासाहेबांच्या जयंतीला विहारासमोर मांडव पडणार होता आणि ताई भाषण करणार होती. त्या गावातली एकही मुलगी तोवर माईकपुढे उभी राहिली नव्हती. ताईने भाषण स्वतः लिहिलं होतं. माजरीत महिनाभर ती मला समोर बसवून म्हणून दाखवायची. ऐकून ऐकून ते मलाही पाठ झालं होतं.

गावी पोचलो त्याच दिवशी माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. मावशीने सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरला. त्याचं काळं तेल सुटलं, तशी त्याचा एक टिपका टाचेला दिला. आमच्यात नजर-बिजर कोणी मानत नाही, पण काट्यावर बिब्बा सगळ्यांच्या घरी चालतो. दुसऱ्या दिवशी टाच दुखायची थांबली. मावशी अंगणात सुपात बिब्बे निवडत बसली होती, ताई बोअरिंगवर पाण्याला गेली होती. तेव्हा मावशी मला म्हणाली,

"तुह्या ताईले याले हात लावू देऊ नको बरं. तिले उतते. तान्ही होती तवा जरासा लागला, तर कोपरापर्यंत हात सुजला होता. तिले आठवत नाई. मी तिले इतकंच सांगतो का, हात काळे होतात."

मी हो म्हणाले.

जयंतीला दोन दिवस राहिले आणि ताईच्या उजव्या गालावर एक फोड आला. मोठा, लाल, नेमका मधोमध. ती आरसा घेऊन दारात बसली. रडकुंडीला आली होती.

"सारं गाव पाहीन ना व. काई तरी सांग ना तू."

मी म्हणाले, "बिब्बा लावू. माझी टाच एका दिवसात बरी झाली. काट्याची ठणक बसते, तर फोड काऊन नाई बसणार?"

तिने आरसा खाली ठेवला. "तोंडाले?"

"एकच टिपका," मी म्हणाले.

तिने गाल पुढे केला आणि डोळे मिटले.

मावशीचं बोलणं त्या वेळी मला आठवत होतं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की आता खरं काय आणि मी रचलेलं काय, ते मला वेगळं करता येत नाही. कधी वाटतं, पंधरा वर्षांची पोर, विसरली असेल. पण सुई दिव्यावर धरताना मी मागे वळून मावशी येते का ते पाहिलं होतं. ते मला पक्कं आठवतं. विसरलेलं माणूस मागे वळून बघत नाही.

संध्याकाळपर्यंत तिचा गाल पेटला. सकाळी डोळे उघडत नव्हते. गालापासून गळ्यापर्यंत फोड, फोडांतून पाणी. मावशीने खोबरं आणि तीळ वाटून लावले, मग काकांनी, ताईच्या वडिलांनी, तिला मोटारसायकलवर बसवून तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि रोगापेक्षा औषध भयंकर म्हणून रागावले. कोणी लावलं, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, मीच, माझ्या हातानं. घरी आल्यावर सगळ्यांना तेच सांगितलं. मी तिथेच उभी होते, खांबाला टेकून.

जयंतीच्या सकाळी तिने मला आत बोलावलं. तोंडावर ओलं फडकं होतं. तिने चाचपडत कागद माझ्या हातात दिला.

"तू बोल. तुले पाठ आहे."

आणि मी बोलले. माझ्या फोड आलेल्या चेहऱ्याने मांडवात उभी राहून तिचं भाषण मी एकही शब्द न चुकता बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सरपंचांनी पेन दिलं. कर्णा मावशीच्या घराकडेच तोंड करून बांधला होता. ताई आत पडून स्वतःचे शब्द माझ्या आवाजात ऐकत होती. अजूनही जयंतीला आमच्या चंद्रपुरात कर्णे सुरू झाले की मी दारं-खिडक्या लावून घेते. नवऱ्याला वाटतं, मला आवाज सोसत नाही.

ताई परत माजरीला आली नाही. बारावी तिने बाहेरून दिली. फोड बरे झाले, पण उजव्या गालावर काळा डाग राहिला, जबड्यापर्यंत उतरलेला. ती कायम स्कार्फ बांधून फिरायला लागली. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळ्याच पोरी तोंड बांधून गाडी चालवतात, फक्त डोळे दिसतात. सिग्नलला अशी एखादी शेजारी येऊन थांबली की मी नजर सिग्नलच्या दिव्यावर रोखून ठेवते. ताई तीनशे पावलांवर असती तरी मला तिच्या घरी जायचं धैर्य झालं नसतं, आणि इथे प्रत्येक चौकात ती मला भेटत राहिली. माझं पुरळ बाविसाव्या वर्षी आपोआप गेलं. काही न लावता.

ताई आता गावातच अंगणवाडीत आहे. बोलणं होतं, सणावाराला, वरवरचं. गेल्या रविवारी माझ्या मुलीने तिला व्हिडिओ कॉल लावला. कोणता लेप लावू, हे विचारायला. ताई घरात होती, स्कार्फ नव्हता. मुलगी आजच्या पोरींसारखीच, मनात येईल ते तोंडावर.

"मावशी, तुझ्या गालाला काय झालं गं?"

"बिब्बा लावला होता मी," ताई हसून म्हणाली. "पागल होती तवा."

मी भाजी निवडत होते. वीस वर्षांपूर्वीचं खोटं तिने तसंच, त्याच सहजपणाने उचललं आणि माझ्या मुलीच्या हातात दिलं. मला ते सहन झालं नाही. मी फोन घेऊन गॅलरीत गेले.

"ताई, मी लावला होता," मी म्हणाले. "आणि मावशीनं मले सांगितलं होतं. तुले उतते हे मले माहीत होतं."

पडद्यावर तिचा पूर्ण चेहरा होता आणि मी पहिल्यांदाच त्या डागाकडे नीट बघत होते.

"आईनं त्याच दिवशी सांगितलं मले," ती म्हणाली. "का तुले सांगून ठेवलं होतं म्हणून. लय चिडली होती ते. मी म्हटलं, तिचं नाव नाई घ्यायचं. ती स्वतःच येऊन सांगन मले."

मी गॅलरीचं दार मागे लोटून घेतलं.

"जयंतीच्या दिवशी तू भाषण करून येशीन अन् सांगशीन, असं वाटलं होतं. मंग वाटलं, दिवाळीले सांगन. मंग तुह्या लग्नात. मंग मी वाट पाह्यचं सोडून देल्लं."

"ताई..."

"पोरीले फोन दे," ती म्हणाली. "ते थांबून राह्यली असंन."

मी आत जाऊन मुलीला फोन दिला. काही लावू नको, साध्या पाण्याने धू आणि हात लावू नको, असं ताई तिला समजावून सांगत होती. मुलीने विचारलं, आईनं काय लावलं होतं गं? मी दारात उभी होते. ताई म्हणाली, "ते तू तिलेच विचार."

मुलगी माझ्याकडे वळून बघायला लागली.