संग्राहकाच्या रकान्यात आईचं नाव

मंडळी, सकाळपासून मी आनंदानं घरभर फिरून राहिली.

नागपूरहून एका मुलीचा फोन आला. एमएससी करते अन् माझ्याच जुन्या कॉलेजच्या वनस्पती संग्रहात इंटर्नशिप करून राहिली. म्हणाली, "मॅडम, या वाळलेल्या रोपाच्या कागदावर चिकटवणाऱ्याची सही तुमची आहे. पण संग्राहक म्हणून बोरगावच्या या बाई कोण?"

"ती माझी आई," मी सांगितलं. "बोरगाव म्हणजे सौंसरजवळचं आमचं गाव."

पंच्याऐंशी साली मीही एमएससीला होती. तास संपले की तिथंच वाळलेली रोपं कागदावर चिकटवायचं काम करायची. हे रोप सुट्टीत गावी गेली तेव्हा आईच्या हातात दिसलं. ती कपाशीतलं तण निंदून राहिली होती. म्हणून मी तिचंच नाव लिहिलं. सर चिडले, "इथं शिकलेल्यांची नावं लिहितात." मी खोडलं नाही. तुम्ही खोडलं असतं का?

मुलगी म्हणाली, "सौंसरकडचं हे रोप आमच्याकडे एवढं एकच आहे. आजी जागा दाखवतील का?"

आईला विचारलं. ती हसली. "मी तं ते कचरा म्हणून उपटलं होतं." मग म्हणाली,

"आधी मले तो कागद दाखवा. जागा मंग दाखवीन."