बॅटरी चांगली होती, पट्टा ढिल्ला होता

आज डोकं फिरलं, बायांनो!

शंकर नगरच्या गॅरेजवाल्यानं माझ्या जुन्या गाडीले पुन्हा नवी बॅटरी सांगितली. मी म्हटलं, "भैया, इंजिन चालू ठेवून मीटर लावा ना."

तर म्हणते, "दीदी, घर से किसी भैया को भेज दो."

काहून? गाडी मी चालवते!

घरी येऊन मीच मीटर लावला. इंजिन चालू, तरी व्होल्ट बाराच्या वर जाईना. म्हणजे बॅटरी चार्जच होत नव्हती. इंजिन बंद करून पाहिलं, तर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टा ढिल्ला. पान्यानं ताणला, पुन्हा गाडी चालू केली. मीटर चौदावर, डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा गायब!

तशाच काळ्या हातानं गाडी गॅरेजसमोर उभी केली. म्हटलं, "भैया कोई नहीं मिला, तो मैं ही आ गई."

तुम्ही कोणाले पाठवता?